रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग पोट का दुखतं?

गेल्या अंकात परीक्षेच्या टेन्शनबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की परीक्षा एक दिवस संपते पण रोजची हिडीसफिडीस संपत नाही आणि ती मुलांच्या अंगावर निघते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी अख्ख्या लेखावर आली नाहीत. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत आणि काही तपशील मुद्दाम बदललेत. उत्तरं लांबलीयेत, सांभाळून घ्या.

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा 13 वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वी बदलीमुळे आम्ही नवीन गावी आलो. गेले पाच-सहा महिने शाळेची वेळ झाली की त्याचं पोट दुखतं, कधी डोकं. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं करून झालं, सगळं नॉर्मल. सुट्टी लागली की एकदम ठणठणीत. घरातले म्हणतात नाटकं करतोय. परवा त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने काढलेले चौकोन दिसले, हे काय म्हटलं तर आधी सांगेना, मग म्हणाला वर्गात एकेकाला उभं करून एकेक परिच्छेद वाचायला लावतात, तर मी आधीच बाक मोजून ठेवतो, माझ्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते बघतो आणि तो मनात दहादा वाचून घेतो. त्याच्या बोलण्याचा हेल वेगळा आहे, तो वाचायला लागला की मागून कुणीतरी तसाच हेल काढतं आणि वर्ग हसतो. टीचरही हसतात. एवढ्याशा गोष्टीने पोट दुखू शकतं का?

उत्तर : ताई, दुखू शकतं आणि खरंच दुखतं. तुम्ही फाइलभर रिपोर्ट पाठवलेत पण मला त्या पेन्सिलीच्या चौकोनांनी जास्त सांगितलं.

कसं होतं बघा. वर्ग हसतो ते दहा-पंधरा सेकंद. पण बाक मोजणं आदल्या रात्रीपासून चालू होतं ना, आज वाचायला लावतील का, कोण मागे बसलं असेल, टीचर कोण असतील. म्हणजे प्रसंग छोटा पण त्याची वाट बघणं दिवसभराचं. आणि शरीराला प्रसंग आणि प्रसंगाची वाट बघणं यातला फरक फारसा कळत नाही, दोन्ही वेळा ते तयारीला लागतं, अॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल वगैरे हॉर्मोन्स सुटतात, छाती धडधडते, रक्त हातापायांकडे वळतं, पचनाचं काम मागे पडतं. आतड्यांचा आणि मेंदूचा संबंध तर इतका घट्ट आहे की भीतीने पोटात गोळा येतो हे आपण उगाच म्हणत नाही. आता हे कधीतरी झालं तर काही बिघडत नाही, त्यासाठीच ती सोय आहे. पण घरातली पाण्याची मोटर टाकी भरल्यावरही बंद झालीच नाही तर काय होईल, तसं रोज झालं की झीज होते. ब्रूस मॅकएवेन आणि इलियट स्टेलर या दोघांनी 1993 साली या झिजेला अॅलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं. नाव जड आहे पण अर्थ तोच, सतत तयारीत राहण्याची शरीर मोजत असलेली किंमत.

कॉर्टिसॉलचं तर घड्याळच असतं. उठल्यावर अर्ध्या तासात ते सगळ्यात वर जातं, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला. अमेरिकेत एमा अॅडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलांचा वयाच्या 12 व्या वर्षापासून 32 व्या वर्षापर्यंत माग ठेवला, वंशावरून किती भेदभाव वाट्याला आला हे वेळोवेळी विचारत. ज्यांना तो जास्त सोसावा लागला त्यांचा हा चढउतार मोठेपणी सपाट झालेला दिसला, म्हणजे घड्याळच बिघडलेलं, आणि त्यातही किशोरवयात सोसलेल्याचा ठसा जास्त खोल होता. (2015 साली हे छापून आलं.) किशोरवयातच का, तर त्या वयात मेंदूची नव्याने जुळणी चालू असते आणि बरोबरीच्या मुलांमध्ये आपलं स्थान काय हे त्या मेंदूला जेवणाइतकं महत्त्वाचं वाटतं. नेओमी आयझेनबर्गर यांचा 2003 चा एक प्रयोग आहे, साधा कॉम्प्युटरवरचा चेंडू टाकायचा खेळ, थोड्या वेळाने बाकीचे दोघं तुमच्याकडे चेंडू टाकणंच बंद करतात. बस एवढंच. तरी मेंदूच्या स्कॅनमध्ये जो भाग जागा झाला तो अंग दुखल्यावरही जागा होतो. तो भाग इतरही कामं करतो म्हणून याच्या अर्थावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत, ते असू देत, पण वगळलं जाणं माणसाला किती लागतं ते त्यातून कळलं.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे घरातलं "नाटकं करतोय" हे वाक्य आजपासून बंद. ते ऐकून तो पोट दुखतंय सांगायचं थांबवेल, दुखायचं थांबणार नाही. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं अशा मुलांना अॅसिडिटीचं औषध लिहून मोकळी व्हायचे, त्याची मला अजून लाज वाटते. दुसरं, "तू काही केलंस का त्यांना?" हा प्रश्न विचारू नका, आपल्या तोंडून तो सगळ्यात आधी निघतो आणि मुलाला ऐकू येतं की चूक माझीच. तिसरं, टीचरना भेटा, एकट्याने, भांडायला नाही. वाचनातून त्याला वगळा असं मात्र सांगू नका, त्याने तो आणखी वेगळा पडेल. सांगायचं एवढंच की हसणं तुमच्यापासून थांबू दे. वर्ग टीचरकडे बघून हसतो हो, टीचरचा चेहरा सरळ राहिला की चार दिवसात मजा संपते. आणि घरी त्याचा हेल सुधारायच्या मागे लागू नका, तो हेल तुमचाही आहे.

एक डॉक्टर म्हणून सांगते, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, वजन उतरत असेल, ताप किंवा शौचातून रक्त असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून परत तपासणी करा.

प्रश्न : तुमचे विचार वाचले, पटले नाहीत. आमच्या लहानपणी शाळेत जातीवरून, कपड्यांवरून, पायात चप्पल नाही यावरून काय काय ऐकून घेतलं. रडत घरी आलो की आजी जवळ घ्यायची, दोन गोष्टी सांगायची, विषय संपला. तेव्हा कुठे होते काउन्सेलर? आज मी 68 वर्षांचा आहे, गेली वीस वर्षं बीपीची गोळी आहे ती सोडली तर काही झालेलं नाही. तुम्ही लोक मुलांना नाजूक करून ठेवताय.

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि चिडून नाही.

तुमचं बीपी त्यामुळे वाढलं असं मी म्हणणार नाही, एका माणसाबद्दल असं कोणालाच सांगता येत नाही. बीपीला पन्नास कारणं असतात. पण हजारो माणसं एकत्र बघितली की चित्र दिसायला लागतं. आर्लीन जेरोनिमस या संशोधकांना 1992 मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीत एक उलटी गोष्ट दिसली, गोऱ्या बायकांमध्ये विशीतल्या आईची बाळं जास्त सुदृढ, पण काळ्या बायकांमध्ये विशीतल्या आयांपेक्षा वीसच्या आतल्या आयांची बाळं जास्त जगत होती. म्हणजे जसजशी वर्षं जातात तसतसं त्या बायकांचं शरीर वयाच्या मानाने लवकर थकतंय. भिंतीला ऊनपाऊस खाऊन पोपडे येतात तसं. हे एका दिवसाच्या अपमानाने होत नाही, वर्षानुवर्षं थोडं थोडं होतं. त्यात गरिबी, वाईट वस्ती, डॉक्टरकडची वागणूक सगळंच येतं, एकट्या टोमण्यांवर खापर फोडता येत नाही.

आता तुमच्या आजीबद्दल, खरं तर मला तिच्याबद्दलच लिहायचंय. जीन ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातल्या 331 काळ्या मुलामुलींना 16, 17 आणि 18 व्या वर्षी विचारलं की तुम्हाला कशी वागणूक मिळते, आणि ती मुलं 20 ची झाल्यावर त्यांचं ब्लड प्रेशर, वजन, स्ट्रेसची हॉर्मोन्स, शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट असं सगळं मोजलं. ज्यांनी सतत जास्त भेदभाव सोसला त्यांच्या शरीरावरचा भार विशीतच वाढलेला. विशीत, काका! पण ज्यांना आईवडलांचा आणि मित्रांचा भक्कम आधार होता त्यांच्यात हा संबंध दिसलाच नाही. 2014 चा अभ्यास आहे. तुम्ही म्हणता आजी जवळ घ्यायची आणि विषय संपायचा, तर तो विषय आपोआप संपत नव्हता, आजी संपवत होती. तुम्ही टणक होतात म्हणून टिकलात असं तुम्हाला वाटतं, मला वाटतं तुमच्याकडे आजी होती म्हणून. आणि त्याच वर्गात तुमच्याच बाकावर आजी नसलेलं कोणीतरी असेल ना, त्याचं पुढे काय झालं ते आठवून बघा.

नाजूक करण्याबद्दल एवढंच, की मुलांना थोडं टेन्शन हवंच, स्पर्धा, परीक्षा, हरणं, सगळं हवं. ते येतं, जातं आणि त्यात मुलाला काहीतरी करता येतं, जास्त अभ्यास करता येतो, सराव करता येतो. जातीचं, रंगाचं, आडनावाचं, घरच्या परिस्थितीचं मुलाने काय करायचं?

प्रश्न : मी 16 वर्षांची आहे. माझं वजन जास्त आहे. घरी कोणी आलं की पहिलं वाक्य माझ्या वजनावर. क्लासच्या ग्रुपवर एकाने माझ्या फोटोवर हत्तीचं स्टिकर लावून टाकलं, सगळ्यांच्या आधी मीच हसायचा इमोजी टाकला. आता मी कोणासमोर जेवत नाही आणि रात्री सगळे झोपले की खूप खाते, मग रडू येतं. पप्पा म्हणतात टोचून बोललं तरच माणूस सुधारतो. मी जास्तच मनावर घेते का?

उत्तर : नाही गं, अजिबात नाही. आणि तो पहिला इमोजी तू का टाकलास ते मला कळतं, दुसऱ्याने हसण्याआधी आपणच हसून घेतलं की कमी लागेल असं वाटतं. तात्पुरतं लागतही नाही. पण मग रात्री लागतं.

पप्पांना हा परिच्छेद वाचायला दे. पप्पा, टोचून बोलल्याने वजन कमी होतं हे खरं असतं तर मी आनंदाने तुमच्या बाजूने उभी राहिले असते. मिनेसोटा विद्यापीठाचा एक मोठा अभ्यास आहे, प्रोजेक्ट ईट, त्यात किशोरवयात वजनावरून चिडवल्या गेलेल्या मुलामुलींना 15 वर्षांनी परत गाठलं, तर त्यांच्यात लठ्ठपणा जास्तच होता आणि, खासकरून मुलींमध्ये, ताण आला की खाण्यात आधार शोधायची सवयही. कारण सरळ आहे. अपमानाने स्ट्रेस वाढतो, स्ट्रेसमध्ये गोड-तेलकट खावंसं वाटतं, आणि लाजेने मूल मैदानावर, जिममध्ये, पोहायला जायचं सोडतं. म्हणजे ज्या काठीने हाकताय तीच पायात येतेय. आणि दिसण्यावरून होणारा भेदभाव ही काही फुटकळ तक्रार नाही, अमेरिकेत 18 ते 28 वयाच्या 1,834 जणांची दहा वर्षांची माहिती 2021 मध्ये तपासली तेव्हा भेदभावाच्या कारणांमध्ये वयाच्या खालोखाल दिसणंच होतं, लिंग आणि वंश त्यानंतर. महिन्यातून काही वेळा तरी ज्यांच्या वाट्याला असं येत होतं त्यांच्यात तीव्र मानसिक त्रासाचं प्रमाण जवळपास दुप्पट.

आता परत तुझ्याशी. चोरून खूप खाणं आणि मग रडणं, याला उपचार आहेत आणि ते लवकर घेतले तर बरं होतं. आईला घेऊन डॉक्टरकडे जा, आणि गेल्या गेल्या वजनकाट्यावरून बोलायला लागणारा डॉक्टर असेल तर दुसरा बघ, खरंच. स्टिकर टाकणाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही, पण ग्रुपमधल्या एखाद्या जवळच्या मैत्रिणीला सांग की मला ते आवडलं नव्हतं. एकीला जरी माहीत असलं तरी पुढच्या वेळी पहिला इमोजी तुला टाकावा लागणार नाही. आणि कधी जगू नये असं वाटलं, स्वतःला इजा करावीशी वाटली तर थांबू नको, त्याच रात्री आईला उठव.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, सातवीला शिकवते. दर महिन्याला फी-सवलतीच्या मुलांची नावं वर्गात वाचून, सह्या घेऊन ऑफिसात यादी द्यावी लागते. एक हुशार मुलगी आहे, एरवी पहिला हात तिचा. यादी वाचली की त्या दिवशी पुढचे सगळे तास मान खाली घालून बसते, सोप्या प्रश्नालाही उत्तर देत नाही. मी कोणात डावं-उजवं करत नाही, सगळ्यांना सारखंच वागवते. मग माझं काय चुकतंय?

उत्तर : बाई, तुम्ही हे टिपलंत यातच तुमचं अर्धं काम झालंय, कित्येकांना ती मान दिसतही नाही. चूक तुमच्या मनात नाही, यादीत आहे.

उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी एक प्रयोग केला होता, 2006 मध्ये तो अर्थशास्त्राच्या एका नामांकित जर्नलमध्ये आला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, जितकी सोडवाल तितके पैसे. जात कोणाची सांगितली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातीतली मुलं सारखीच. मग दुसऱ्या गटांमध्ये कोडी सुरू करण्याआधी प्रत्येकाचं नाव, गाव, वडलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. मुलं तशीच, कोडी तशीच, पण दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घसरली. कोणी शिवी दिली नाही, कोणी हसलं नाही, फक्त वाचलं. तुमच्या वर्गात फी आहे, तिथे जात होती, एवढाच फरक. क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरनसन यांनी 1995 मध्ये अशा दबावाला स्टिरिओटाइप थ्रेट असं नाव दिलं, म्हणजे आपल्या लोकांबद्दलचा वाईट समज आपल्यामुळे खरा ठरेल ही धास्ती, नंतर त्याचे प्रयोग परत करून बघताना परिणाम कधी कमी दिसला कधी दिसलाच नाही, म्हणून मी त्याची जादूची कांडी करत नाही. पण तुमच्याकडे तर प्रयोग दर महिन्याला डोळ्यासमोर होतोय.

यादी वाचू नका. सह्या मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून घ्या, किंवा पालकांकडून घ्या, ऑफिसला सही हवीये, घोषणा नकोय. कोणी विरोध केला तर नियम कुठे लिहिलाय ते दाखवा म्हणा, बहुतेक वेळा तो नियम नसतो, पूर्वीपासून चालत आलेलं असतं.

आणि "सगळ्यांना सारखंच" याबद्दल जरा. ज्या मुलीला आधीच वाटतंय की आपल्याला इथे कमी समजतात, तिला वहीतल्या लाल खुणाही तशाच वाटतात, की बघा, बाईंनाही मी कमीच वाटते. डेव्हिड यीगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की निबंध तपासून परत देताना वर एक छोटी चिठ्ठी लावली, की माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पुऱ्या करू शकतेस म्हणून मी या दुरुस्त्या सुचवतेय, तर काळ्या विद्यार्थ्यांमध्ये निबंध सुधारून परत आणणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. खुणा तितक्याच, चिठ्ठी एका ओळीची. फक्त ती खोटी नको. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं.

प्रश्न : मी 17. मला स्वतःला कोणी काही बोलत नाही पण आमच्या समाजाच्या लोकांना मारहाण करतानाचे व्हिडिओ फोनवर येतात, खाली कॉमेंट्स वाचत बसतो, तीन तीन वाजतात. दिवसा कशात लक्ष लागत नाही. मला तर काही झालेलंच नाही, मग असं का?

उत्तर : अरे, झालंय की. आपल्यासारख्या माणसावर झालेलं बघणं हाही अनुभवच असतो, आणि बघून झाल्यावर तू आपोआप हिशेब करत असणार की उद्या मी त्या जागी असलो तर. पहिल्या पत्रातला मुलगा बाक मोजतो, तू कॉमेंट्स मोजतोस. तुझ्या वयाला रात्री 8 ते 10 तास झोप लागते आणि झोप गेली की भीती, चीड, अभ्यास सगळंच हाताबाहेर जातं. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव, ही काही थोर युक्ती नाही पण चालते. बातमी दिवसा वाच, कोणाबरोबर तरी बोलत वाच. दोन आठवड्यांनी झोप रुळावर आली नाही तर डॉक्टरला दाखव.

प्रश्न : मुलगी 8 वर्षांची आहे. लोक आपल्याला वेगळं वागवतात हे तिला आत्ताच सांगावं का? बायको म्हणते बालपण बालपणासारखं राहू द्या.

उत्तर : तुम्ही सांगितलं नाही तरी तिला माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी 1940 च्या दशकात 3 ते 7 वर्षांच्या काळ्या मुलांसमोर गोरी आणि काळी बाहुली ठेवली होती, यातली चांगली कुठली विचारलं तर बहुतेकांनी गोरी उचलली. 1954 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा बेकायदेशीर ठरवल्या तेव्हा हे काम पुराव्यात होतं. तीन वर्षांची मुलं! तेव्हा 8 म्हणजे लवकर नाही.

पण काय सांगता त्यावर सगळं आहे. आपली माणसं कोण, त्यांनी काय काय केलं, आपल्या घरात कशाचा अभिमान आहे हे आधी आणि भरपूर. मग थोडं हे, की काही लोक उगाच कमी लेखतात, तसं झालं तर ती तुझी चूक नाही आणि लगेच आम्हाला सांगायचं. "कोणावर विश्वास ठेवू नकोस" हे मात्र नको, ते ऐकून मूल सावध होत नाही, एकटं पडतं. समोर बसवून लेक्चर द्यायची गरज नाही. शाळेतून आल्यावर आज काय शिकवलं हे तर आपण विचारतोच, त्याच्या जोडीला आज मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसलीस हे विचारत जा, सहज, बूट काढता काढता. पहिले काही दिवस "कोणीतरी" एवढंच उत्तर येईल, तरी विचारत रहा.